काय येत नाही ते सांगा!

तलवारही चालवतो आणि मंत्रही टाकतो, असा गडी आपल्याला नवा नाही. द्रोणाचार्य काय, परशुराम काय, बाणावर मंत्र घालून तो सोडणारे महाभारतातले यच्चयावत वीर काय, सगळे त्याच जातकुळीचे. त्यामुळे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकी खेळ भाच्याच्या दप्तरातून आमच्या घरात शिरला तेव्हा बाकीचं कळायला मला महिना लागला, पण लढवय्या-मांत्रिक म्हणजे काय हे पहिल्याच दिवशी कळलं. भांडण सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार. तो म्हणतो, “समोर गुहा आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय.” बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्रांचे क्लास असतात : लढवय्या, मांत्रिक, चोर, पुरोहित वगैरे. एकाला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही, म्हणून तर सगळे मिळून निघतात. हे शेवटचं वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं. माझा सगळा खटला त्यावर उभा आहे.

पण माणसाला दोन्ही हवं असतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ काढला तेव्हाच ‘एल्फ’ नावाच्या टोकदार कानांच्या मंडळींना ही सवलत मिळाली. अट एवढीच की या मोहिमेत लढवय्या असाल तर मांत्रिक पुढच्या मोहिमेत; मधेच टोपी बदलायची नाही. 1981 च्या पेटीतला एल्फ दोन्ही कामं एकदम करू लागला, पण दुसरी पातळी गाठायला लढवय्याला अनुभवाचे 2000 गुण लागत, मांत्रिकाला 2500, आणि या साहेबांना 4000! म्हणजे रोखीचा व्यवहार. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही आपली म्हण तिकडे विस्कॉन्सिनात कोणी पोचवली होती कोण जाणे.

आता आजचे उमेदवार बघा.

पहिला एल्ड्रिच नाइट, 2014 च्या पुस्तकातला. हा मूळचा लढवय्या. मंत्र शिकला तो रात्रशाळेत. खऱ्या मांत्रिकाची मजल नवव्या दर्जाच्या मंत्रापर्यंत जाते, याची गाडी जन्मभर घासून चौथ्यावर थांबते. पण याची एक विद्या मला फार आवडते : आपल्या तलवारीशी याचं असं नातं जुळतं की ती कुठेही पडली तरी हाक मारताच हातात येते. (चष्म्याच्या बाबतीत ही सोय झाली तर मी उद्या गंडा बांधून घ्यायला तयार आहे.) भाचा याला नाकं मुरडतो. म्हणतो, “मामा, अकराव्या पातळीला हा एका दमात तीन वार करतो. मंत्र टाकला तर मंत्र आणि एकच वार. मग मंत्र कशाला?” मुद्दा खोटा नाही. 2024 च्या पुस्तकात तो दुरुस्तही झाला. आता तीनांतला एक वार सोडून त्या जागी छोटा मंत्र टाकता येतो.

दुसरा हेक्सब्लेड, 2017 चा. हा तलवार चालवतो ती मनगटाच्या नव्हे, व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर. नुसत्या रुबाबाने समोरच्याला जखम होते. आपल्याकडे हे कसब निवडणुकीच्या सुमारास दिसतं. शिवाय कित्येक जण याच्या शाळेत एक पातळीपुरते येत, दाखला घेत आणि आपल्या मूळ धंद्याला परत जात. याच्यावर अधिक शाई खर्च करत नाही.

आणि तिसरा, भाच्याचा लाडका ब्लेडसिंगर! 2015 साली आला तेव्हा निदान एल्फांपुरता होता. 2020 मध्ये दार सर्वांना उघडलं. हा पुरा मांत्रिक. नववा दर्जा शाबूत. वर तलवार. सहाव्या पातळीपासून दोन वार, आणि त्यांतल्या एकाच्या जागी छोटा मंत्र टाकायची मुभा. बिचाऱ्या एल्ड्रिच नाइटला जी मिळायला 2024 उजाडलं! वर हा गातगात नाचायला लागला की बुद्धीचे गुण अंगरक्षणात मिळतात. हिशेब करा : पोलादी चिलखत आणि ढाल घेऊन घामाघूम झालेल्या लढवय्याचं अंगरक्षण 20. हा चिलखताबिगर, बुद्धी 20 आणि चपळाई 18 असेल तर, जादूच्या कवचासकट 22. वेळेवर ढालीचा मंत्र म्हटला की 27.

“पण मामा, त्याचा जीव किती छोटा! सहा बाजूंचा फासा!” जीव छोटा, कबूल. ड्रॅगनने आग ओकली तर तो अंगरक्षणाचा आकडा विचारत बसत नाही, हेही कबूल. पण तलवारीचा वार लागतच नसेल तर जीव छोटा की मोठा याची पंचाईत कोणाला?

माझं म्हणणं ताकदीबद्दल नाहीच. आमच्या टेबलावर भाची साधा लढवय्या खेळते. मंत्र नाही, तंत्र नाही; पुढे उभं राहायचं आणि मागच्यांना वाचवायचं, एवढीच तिची हौस. एका रविवारी पुलावर लढाई लागली. ब्लेडसिंगर पुढे गेला, नाचला, पाच शत्रू त्यानेच अडवले, मागून येणारे त्यानेच मंत्राने झोपवले. तिची पाळी आली तेव्हा पूल रिकामा होता. “मी काय करू, मामा?” तिने विचारलं. सूत्रधार मीच, उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती उठून सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली, आणि पुढचे दोन रविवार तिला अभ्यास होता.

म्हणून कोणाही मिश्र पात्राला मी एकच प्रश्न विचारतो : तुला काय येत नाही?

या परीक्षेत पहिला येतो तो या खेळातला नव्हे, ‘पाथफाइंडर’ या शेजारच्या खेळातला मेगस. 2011 चा. एका हातात तलवार, दुसरा रिकामा, मंत्रासाठी. म्हणजे ढाल गेली. मंत्र सहाव्या दर्जापर्यंतच. पण मंत्र तलवारीत भरून एकाच वारात दोन्ही मारतो. आपल्या अस्त्रविद्येची अगदी सख्खी बहीण. 2021 च्या आवृत्तीत तर असा वार केला की पुन्हा शक्ती भरायला थांबावं लागतं, आणि मोठे मंत्र दिवसाला जेमतेम चार. तो थांबतो तेवढ्यात कोणीतरी त्याच्यापुढे उभं राहावं लागतं. म्हणजे भाचीला काम आहे! दुसरा नंबर एल्ड्रिच नाइटचा : तो मंत्रात कच्चा, म्हणून टेबलावरच्या मांत्रिकाची पोळी शाबूत.

भाचा अजून बधलेला नाही. “तुम्हाला हुशार माणसं खपत नाहीत, मामा,” असा त्याचा आरोप आहे. तूर्त तडजोड अशी ठरली आहे : पुढच्या मोहिमेत ब्लेडसिंगर चालेल, पण पूल आला की पहिली पाळी भाचीची. तो वीस बाजूंचा फासा खिशात घालून फिरतोय, आणि मोहिमेत पूल किती आहेत हे आडून आडून विचारतोय. मी आतापर्यंत अकरा काढले आहेत.