पांदणीचा खर्च आमच्या एक्सलवर का?



पांदण मागायला गेलो की साहेब सांगतात, "फोर बाय फोर गाडी घ्या." घेतली. आता हिशेब ऐका.

पावसाळ्यात काळ्या मातीतून भाजीची पिकअप काढायची तर पुढचा एक्सल जोडावाच लागतो. चिखल ऑइल सील खातो, पाणी आत शिरते, ऑइल दुधासारखे होते, बेअरिंगा जातात. पुढे बेसा ओलांडून मनीषनगरात आलो की कोरडी पक्की सडक. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबून फिरतात. चिखलात चाक घसरते आणि तो फरक निघून जातो. सडकेवर घसरत नाही. लीव्हर काढायचा राहिला तर सारा ताण क्रॉसवर आणि ट्रान्सफर केसच्या गिअरांवर. म्हणून सडक लागताच आधी लीव्हर काढा.

लीव्हर विसरलो, ही चूक आमची. पण चिखलही आमचीच चूक काय? 2021 मध्ये सरकारने मातोश्रींच्या नावाने पांदण रस्त्यांची योजना आणली. आमच्या पायाखाली अजून चिखलच. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरचा जीएसटी 5 टक्के झाला. तोच माल कळमन्याला नेणाऱ्या पिकअपच्या भागांवर मात्र 18 टक्के. म्हणजे रस्ता द्यायचा नाही, आणि रस्त्यावाचून मोडलेल्या गिअरवर करही वसूल करायचा!

आम्हाला गाडीवर सूट नको. बारमाही पांदण द्या. एक्सल आम्ही टिकवू.