वावळाचा खुंट आणि ‘बोन्साय’ नावाचा टोमणा

मराठी समीक्षेत ‘बोन्साय’ हा शब्द बहुधा टोमणा म्हणून येतो. आवाका लहान असलेली कादंबरी, चौकटीबाहेर न जाणारी कविता, सदनिकेत वाढलेले मूल, परीक्षेपुरते शिक्षण, या साऱ्यांना आपण ‘बोन्साय’ म्हणून मोकळे होतो. रूपक सोयीचे आहे. कुंडी म्हणजे बंधन, तार म्हणजे जुलूम आणि झाड म्हणजे वाढू न दिलेला जीव. परंतु रूपक ज्या वस्तूवर उभे आहे ती वस्तू एकदा नीट पाहावी, एवढी अपेक्षा साहित्याच्या अभ्यासकाकडून करणे वावगे ठरू नये. आमच्या मते हे रूपक उलटे धरले गेले आहे. झाड खुरटते ते दुर्लक्षाने. बोन्साय ही त्या दुर्लक्षाची दीर्घ मुदतीची भरपाई असू शकते.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही; यवतमाळ जिल्ह्यातला वावळ पुरेसा आहे. संस्कृतातला चिरबिल्व तो हाच. युरोपातल्या एल्म वृक्षाचा हा कुळबंधू. रॉक्सबर्गने त्याला एल्मच्याच प्रजातीत घातले होते. पुढे १८४८मध्ये प्लांशाँने त्याच्यासाठी ‘होलोप्टेलिया’ ही वेगळी प्रजाती मानली. पान चुरडले की उग्र दर्प येतो. हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण फांद्यांवर बारीक फुले येतात आणि उन्हाळ्यात पापडासारखी चपटी, पंख असलेली फळे वाऱ्यावर उधळतात. पुरता वाढला तर साठ फुटांचा हा वृक्ष. पण वाऱ्याने येणारे बी जागा निवडत नाही. पडक्या वाड्याच्या भिंतीत, नालीकाठी, विजेच्या तारांखाली, कुठेही ते रुजते. नको तिथे उगवले म्हणून दर पावसाळ्यापूर्वी तोडले जाते, आणि तोडले तरी फुटते. असा दहा-बारा वर्षे तोडलेला वावळ कमरेएवढाच राहतो. खोड मनगटाएवढे, वर गाठींचा गठ्ठा आणि त्यातून छड्यांसारखे फुटवे. खऱ्या अर्थाने खुरटलेले झाड ते हेच. त्यावर कोयता अनेकदा चालला. त्याच्याकडे पाहिले मात्र कोणी नाही.

एका आवारभिंतीचे काम निघाले तेव्हा असाच एक खुंट राडारोड्याबरोबर जाणार होता. आम्ही काही अध्यापक मित्रांनी तो मालकाच्या संमतीने, नवी पालवी येण्याच्या तोंडावर, मुळांसकट काढून घेतला. अशा झाडाला आरंभी सुंदर कुंडी देऊन उपयोग नसतो. त्याला मोठे लाकडी खोके आणि स्वस्थता हवी असते. आमच्याकडची काळी माती शेताला उत्तम, पण कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हात भेगाळते. म्हणून विटांचे बारीक खडे, जाड मुरूम आणि कुजलेले शेणखत. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो तेव्हा दोन वेळा पाणी आणि दुपारची सावली. मुळांनी जम धरल्यावर गाठींचा गठ्ठा कापायचा, एका फुटव्याला नवा शेंडा मानायचे, तो मोकळा वाढू द्यायचा आणि जाड झाला की पुन्हा छाटायचा. बुंध्याशी रुंद आणि वर निमुळते होत जाणारे खोड असेच घडते. फांदीला तार गुंडाळायची आणि ती सालीत रुतण्याआधी सोडवायची. वावळाचे पान मोठे, त्यामुळे तळहातावर मावणारे झाड त्याचे होणार नाही. दोन-अडीच फुटांचे होईल. खोडाला सात-आठ वर्षे, फांद्यांच्या जाळीला आणखी तेवढीच. आमच्या निवृत्तीपर्यंत ते पूर्ण होईल असे नाही.

छाटणे आणि खुरटवणे यांतला भेद कपाशीचा शेंडा खुडणाऱ्या आमच्या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. वाढीचा जोर शेंड्याकडे धावतो. शेंडा खुडला की बगलेचे डोळे जागे होतात, फळफांद्यांना बळ मिळते. इंग्लंडमध्ये तर एल्मच्या बाबतीत विलक्षणच घडले. १९७०च्या दशकात बुरशीच्या साथीने तिथले कोट्यवधी उंच एल्म मेले. पण कुंपणाच्या रांगेत नियमित छाटून ठेवलेले बुटके एल्म टिकले, कारण बुरशी वाहून नेणारे भुंगेरे उंच झाडांकडेच वळतात.

आपल्या भाषेत बोन्सायला ‘वामनवृक्ष’ असा प्रतिशब्द आहे, याचाही आपल्याला विसर पडलेला दिसतो. वामन म्हणजे खुजा एवढाच अर्थ आपण घेतो. पण पुराणातला वामन त्रिभुवन व्यापणाऱ्याचे लहान रूप आहे. लहानपण ही तिथे उणीव नाही. जपानी ‘नो’ नाट्यातल्या ‘हाचि नो कि’ या नाटकात दरिद्री झालेला योद्धा बर्फाच्या रात्री आलेल्या अनोळखी पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून आपली जपलेली तीन कुंडीतली झाडे जाळतो. झाडे बंदिवान वाटली असती तर त्या त्यागाला अर्थच उरला नसता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात १६२५पासून जोपासलेला एक पाइन आहे. हिरोशिमाच्या बॉम्बस्फोटातून तो वाचला आणि १९७६मध्ये यामाकी कुटुंबाने तो अमेरिकेला दिला. एका माणसाच्या हौसेने असे झाड होत नाही. एकाच्या हातून दुसऱ्याने पाणी घालणे चालू ठेवावे लागते.

आक्षेप येईल, की झाडाची जागा रानात आहे. तो आम्हांस मान्य आहे. रानातले धडधाकट झाड कुंडीसाठी उपटणे हा गुन्हाच, आणि दिवाणखान्याची शोभा म्हणून आणून महिन्याभरात वाळवलेल्या झाडाचे समर्थन आम्ही करणार नाही. प्रश्न आहे तो ज्याचे रान आधीच गेले आहे त्या खुंटाचा.

हा खुंट आमच्या वर्गांतही बसतो. जिल्ह्याच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्याची भाषा ‘खुरटलेली’ आहे, असे उत्तरपत्रिका तपासणारे आपण सहज म्हणतो. तिच्यावर दरवर्षी लाल शाईचा कोयता चालतो. पण या वाक्यातला कोणता फुटवा ठेवण्याजोगा आहे, हे त्याच्या शेजारी बसून कोणी दाखवलेले नसते. त्याच्या बोलीतला जोमदार शब्द आणि निरर्थक फापटपसारा एकाच फटक्यात जातो. संस्करण आणि तोडणी यांतला फरक हाताच्या जोरात नसतो. कापणारा माणूस पुढच्या वर्षी तिथे असणार आहे की नाही, यात तो असतो.

‘बोन्साय’ हा शब्द कोशातून काढावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु एखाद्या कवितेला किंवा मुलाला तो चिकटवण्यापूर्वी, तिथे कोणी वर्षानुवर्षे हात फिरवला आहे की कोणी फिरकलेच नाही, एवढे समीक्षकाने तपासावे. दुसरे असेल तर त्याला सांगण्यासाठी मराठीत जुना, नेमका शब्द आहे: हेळसांड.