पत्ता म्हणजे घर नव्हे!

माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट डी ड्राइव्हमध्ये सहा फोल्डरच्या आत दडलेला. दरवेळी क्लिक करत आत शिरायचा कंटाळा! म्हणून ‘सबस्ट’ कमांड देऊन त्या फोल्डरचा चक्क पी ड्राइव्ह केला. वर डेस्कटॉपवर शॉर्टकटही ठेवला. काय तो रुबाब! सबमिशनच्या दिवशी घाईघाईत तो शॉर्टकटच पेनड्राइव्हवर टाकला. लॅबमध्ये बघतो तर काय, सगळा प्रोजेक्ट मिळून जेमतेम दोन केबी! सरांसमोर घामच फुटला.

दोष कॉम्प्युटरचा नाही, माझाच. शॉर्टकटमध्ये फक्त मूळ फोल्डरचा पत्ता असतो. सबस्टचा ड्राइव्हही तसाच. त्याला स्वतःची जागा नाही, रीस्टार्ट केलं की तो गायब. मात्र त्यातली फाइल डिलीट केली, तर मूळ फाइलच जाते!

माझं स्पष्ट मत आहे, या सोयी जरूर वापरा, लांबलचक पाथ आखूड होतो. पण त्यांना बॅकअप समजू नका. खरी कॉपी दुसऱ्या डिस्कवरच हवी, आणि ती उघडून बघायलाच हवी. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये एवढं तरी शिकवाच. खिशात पत्ता असला म्हणून घर काही सोबत येत नाही!