हाडांची गोळी आणि सकाळचा चहा

सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन, पुढे वाकून बसतात. त्यांपैकी साठी ओलांडलेल्या एखादीचे मनगट साध्या पडण्याने मोडते, तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे कळते आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची अलेंड्रोनेट गोळी सुरू होते. काही आठवड्यांत छातीत जळजळ होऊ लागते. ‘गोळी उष्ण पडली’ असे म्हणून ती बंद होते आणि डॉक्टरांना कुणी सांगतही नाही. पुढची भेट होते ती खुब्याचे हाड मोडल्यावर.

यात उष्णतेचा काही संबंध नाही. ही गोळी अन्ननलिकेत रेंगाळली किंवा पोटातून वर आली, तर तिथले अस्तर भाजते. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि सूपही मांडीवर घ्यायचे नाही. हजारावर मजुरी मिळते तिथे अर्धा तास महाग पडतो, हे खरे. पण तो आठवड्यातून एकदाच द्यायचा आहे. चहाही तेवढा वेळ थांबवावा. उपाशीपोटी घेतली तरी या औषधाचा एक टक्काही अंगी लागत नाही. चहा-दुधाबरोबर तेवढाही लागत नाही. कॅल्शियमची गोळी नंतर, जेवणाबरोबर.

एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच मिळत नाहीत. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या बाईला पाकिटातल्या इंग्रजी कागदाचा काय उपयोग?

पथ्य पाळूनही जळजळ राहिली किंवा गिळताना दुखले, तर गोळी थांबवून डॉक्टरांना भेटावे. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक अॅसिड हा पर्याय आहे. त्याआधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासतात. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामॉल पुरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या दिवसांत पाणी भरपूर प्यावे.

जबड्याचे हाड सडण्याची भीती अनेकांना असते. ते क्वचित घडते, पण मिश्रीने किडलेले दात आधीच दाखवून घ्यावेत. बरीच वर्षे औषध घेतल्यावर मांडी दुखू लागली, तर तेही सांगावे. गोळीला साधारण पाच वर्षांनी डॉक्टर विश्रांती देऊ शकतात. दर सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅब इंजेक्शनला मात्र अशी सुट्टी नाही. ते मध्येच सोडले तर मणके पटापट दबतात, म्हणून त्याची पुढची तारीख केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी.