चहा आणि मिशरी एका यादीत नकोत



चातुर्मास जवळ आला की ‘या चार महिन्यांत चहा, साखर, तंबाखू सोडा’ अशी आवाहने वर्तमानपत्रांत आणि मंडळांच्या फलकांवर दिसू लागतात. पण तिन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधल्या की फावते ते तंबाखूचे. ‘तू चहा सोड, मग मी मिशरी सोडते,’ असे तंबाखूची मिशरी लावणाऱ्या सासूने ऐकवले की सुनेपाशी उत्तर उरत नाही.

चहा एकदम तोडला तर बारा ते चोवीस तासांत डोके ठणकू लागते, चिडचिड होते. आठवडाभरात बहुधा सगळे निवळते. (आपल्याकडे या डोकेदुखीचे खापर पित्तावर फुटते आणि तिच्यावर घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत पॅरासिटॅमॉलच्या जोडीला चक्क चहातलेच कॅफीन असते!) हळूहळू कमी केला तर तेवढाही त्रास होत नाही. साखरेचा प्रश्न प्रमाणाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची, म्हणजे सहा चमच्यांची, मर्यादा दोन-दोन चमचे साखरेच्या तीन कपांतच संपते. ते कप कमी करावेत, हे बरोबरच.

तंबाखूचे तसे नाही. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. चहासारखेच कॅफीन असलेल्या कॉफीवर मात्र तसा ठपका ठेवण्याइतका पुरावा नाही, असेही याच संस्थेने २०१६ मध्ये सांगितले.

मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते, मग दुपारी, मग शेतावर निघताना. तोंडाच्या आतल्या त्वचेतून निकोटिन रक्तात जाते. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे; घरच्या चुलीवर भाजलेल्या मिशरीला ती कुठून लागू होणार? २०१८ पासून तंबाखूच्या पुड्यांवर व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक (१८००-११-२३५६) छापतात, पण आठवडी बाजारातून सुटी तंबाखू आणणाऱ्या बाईच्या हाती पुडीच येत नाही.

‘मिशरीशिवाय पोट साफ होत नाही’ ही तिची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. निकोटिन तुटले की काही दिवस बद्धकोष्ठ होतो, झोप उडते, जीव कासावीस होतो. हे तात्पुरते आहे, एवढे तरी तिला आधी कुणी सांगायला हवे. आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईची नोंदणी करताना ‘व्यसन आहे का?’ असे विचारून भागणार नाही; ती ‘नाही’च म्हणेल, कारण तिच्या लेखी ते दात घासणे आहे. ‘मिशरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असे स्पष्ट विचारावे, आणि ‘हो’ म्हणणारीला रागे न भरता समुपदेशनाला पाठवावे. तोवर तिचा चहा तिच्याकडे राहू द्यावा.

— एक वाचक, सातारा