बाकावरचे चौथे मूल

साथींनो, बोनस व महागाई भत्त्यासाठी आपण गेटवर घोषणा देतो. मुलांच्या खच्चून भरलेल्या वर्गाबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक ठरवला. पण मोजणी होते साऱ्या शाळेची. त्याच कायद्याचे २७ वे कलम शिक्षकाला निवडणूक नि जनगणनेच्या कामाला जुंपू देते. मग दोन वर्ग एका खोलीत, आणि कागदावर प्रमाण चोख!

बदलीवाल्या रेल्वे-टपाल कामगाराला आधार केंद्रीय विद्यालयाचा. तेथील खासदारांचा कोटा २०२२ मध्ये रद्द झाला, हे बरेच झाले. पण बदलीवर आलेल्या मुलाला जागा द्यायची तर तुकड्या वाढवा, रिक्त पदे भरा. तिघांच्या बाकावर चौथा कोंबणे हा प्रवेश नव्हे. शाखांनी येत्या सभेत तसा ठराव करावा.