खडखड कुठून येते?

मंडळी, अ‍ॅम्बॅसेडरचा कारखाना 2014 साली बंद झाला, तरी एखाद्या दारात ती अजून उभी दिसते. आमच्याकडे आहे, वडिलांची. परवा तिच्यातून खडखड येऊ लागली. मिस्त्री म्हणाला, "इंजिन उतरवावं लागेल." म्हणजे सोयाबीनची पट्टी गेलीच!

तुम्ही अशी घाई करू नका. आधी पंख्याचा पट्टा काढा आणि गाडी मिनिटभरच चालू ठेवा. आवाज थांबला तर दोष पाण्याच्या पंपाकडे किंवा डायनामोकडे. नाही थांबला तर पट्टा चढवा, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावा आणि टोक इंजिनाला ठिकठिकाणी टेकवून ऐका. पदर, उपरणं पंख्यापासून दूर बरं का! वरच्या झाकणापाशी बारीक टिकटिक असेल तर टॅपेट. ते जुळवता येतात. खालून जड ठोका येत असेल, तर इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, पुन्हा चालू करून ऐका. असं एकेक करून पाहा. ज्या वेळी ठोका हलका होईल, त्या सिलिंडरचं बेअरिंग गेलं समजा. मग गाडी मुळीच चालवू नका.

आमची खडखड पट्टा काढताच थांबली. डायनामोची पुली ढिली झाली होती. नट आवळला, पानाही शेजाऱ्यांचा.